खोकल्याचे औषध आणि आठ महिन्यांची बंदी

गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले, तेव्हा ऑलिंपिकमध्ये उत्तेजक चाचणी नव्हती. ती १९६८ पासून आली. पुढे नियम कडक होत गेले. मेढ्यातून साताऱ्याला सरावासाठी जाणाऱ्या मुलामुलींना त्यातले एक कलम सर्वांत आधी कळायला हवे : शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. ते कोणी आणि कशासाठी दिले, हा नंतरचा प्रश्न.

२००० मध्ये सिडनीत रोमानियाच्या आंद्रेया रादुकानने जिम्नॅस्टिक्सचे सुवर्ण मिळवले. सर्दीवर संघाच्याच डॉक्टरने दिलेल्या गोळीत स्यूडोएफेड्रिन होते, पदक गेले. २०१६ मध्ये महाराष्ट्र केसरी नरसिंग यादवने आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी औषध मिसळल्याचे सांगितले. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या ('नाडा') समितीने ते मान्य केले, पण क्रीडा लवादाने रिओतल्या कुस्तीच्या तोंडावर चार वर्षांची बंदी घातली. २०१९ मध्ये मुंबईच्या पृथ्वी शॉच्या नमुन्यात टर्ब्युटालिन निघाले. ते खोकल्याच्या औषधातून गेल्याचे क्रिकेट मंडळाने मानले, तरी आठ महिन्यांची बंदी टळली नाही. श्वासनलिका मोकळी करणारे हे द्रव्य आपल्याकडच्या अनेक कफ सिरपमध्ये असते.

म्हणून आजार अंगावर काढायचा, असे नाही. नियमांतच वाट आहे. वैद्यकीय कागदपत्रे जोडून 'नाडा'कडे उपचारासाठी सवलत मागता येते. तातडीचा इलाज करावा लागला तर नंतरही. दुसरे चालण्याजोगे औषध नसेल आणि तब्येत पूर्ववत होण्यापलीकडे जादा ताकद मिळणार नसेल, तर ही सवलत मिळू शकते. दम्याच्या साल्ब्युटामॉल पंपाला ठरलेल्या मात्रेपर्यंत अर्जही लागत नाही. मात्र वर्ज्य औषधांची यादी दरवर्षी १ जानेवारीला नवी होते. २०२२ पासून सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडचे कोणतेही इंजेक्शन, अगदी गुडघ्यात घेतलेलेही, स्पर्धाकाळात वर्ज्य झाले. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये ज्या तिरंदाजीत विश्वविजेती झाली, त्या खेळात रक्तदाबावरची बीटा-ब्लॉकर औषधे सरावाच्या दिवसांतही चालत नाहीत. ती हाताचा कंप कमी करतात.

२०२२ मध्ये देशाने उत्तेजकविरोधी कायदाही केला. कायदा दिल्लीत झाला. औषधाची बाटली गावातल्या दुकानात विकली जाते. खेळाडूने डॉक्टरला पहिल्यांदा 'मी स्पर्धा खेळतो' हे सांगावे, चिठ्ठी जपावी, मनाने औषध घेऊ नये. पण हे त्याला शिकवायचे कोणी? शाळा, तालीम आणि क्रीडा खात्याने ते तालुक्याच्या पहिल्या स्पर्धेआधीच शिकवले पाहिजे. शिक्षा खेळाडूला एकट्याला भोगावी लागते, तर माहिती त्याच्यापर्यंत पोचवणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.