मोबाईलच्या युगात चित्ताची एकाग्रता

आपल्या भाषेत लक्ष 'दिले' जाते. वेळ द्यावा, दान द्यावे, तसेच लक्षही द्यावयाचे असते. कीर्तनास उभे राहिलेले बुवा श्रोत्यांकडे प्रथम अवधान मागतात. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेवांनी श्रोत्यांकडे मागितले तेही अवधानच. अवधान ही मोलाची वस्तू असून ती ज्याची त्याने स्वखुशीने द्यावयाची असते, हे आपल्या पूर्वजांस पुरते ठाऊक होते. आज मात्र ही वस्तू न मागता आपल्यापासून नेली जात आहे. ती कशी नेली जाते आणि परत कशी मिळवावी, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. मुलगा पुस्तक उघडून बसतो, पण दहा मिनिटांत त्याचा हात मोबाईलकडे जातो. वडील त्यास रागावतात आणि रागावता रागावता स्वतःचा मोबाईल पाहतात. आजोबांची पोथी उघडलेली तशीच राहते. जेवणाच्या पानावर चार माणसे असतात, पण बोलणे नसते. हा सारा दोष आळसाचा किंवा दुबळ्या मनाचा, असे आपण समजतो. ते पूर्ण खरे नव्हे.

माहितीचा सुकाळ झाला की ती ग्रहण करणाऱ्याच्या लक्षाचा दुष्काळ पडतो, असा विचार अमेरिकेतील विद्वान हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच मांडला होता. पुढे १९७८ मध्ये त्यांस अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या या विचाराचे प्रत्यंतर आज येत आहे. बहुतेक समाजमाध्यमे आपणांस फुकट मिळतात. त्यांचा खर्च आणि नफा जाहिरातींतून निघतो. मनुष्य पडद्यासमोर जितका अधिक बसेल तितक्या अधिक जाहिराती त्यास दाखविता येतात. म्हणजे या बाजारात विकला जाणारा माल आपले लक्ष हाच होय.

हा माल गोळा करण्याची युक्तीही समजून घेण्यासारखी आहे. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेले प्रयोग १९५७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. चोच मारली की दर वेळी दाणा मिळावा अशी सोय न ठेवता, कधी मिळावा आणि कधी मिळू नये अशी व्यवस्था केली, तर पक्षी कितीतरी वेळ चोच मारीत राहतो. जुगाराच्या यंत्राचे रहस्य हेच. मोबाईल उघडावा तर कधी नातवाचे छायाचित्र असते, कधी निरुपयोगी मजकूर. काय निघेल हे ठाऊक नसते, म्हणूनच हात पुन्हा पुन्हा तिकडे वळतो.

दुसरी युक्ती शेवट काढून टाकण्याची. पुस्तकाचे प्रकरण संपते, वर्तमानपत्राचे शेवटचे पान येते आणि आपण उठतो. पडद्यावरील मजकूर मात्र बोटाने सरकवीत जावे तसा येतच राहतो. ही योजना २००६ साली अझा रास्किन या तंत्रज्ञाने रचली. पुढे त्यांनीच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. जेथे थांबा नाही तेथे उतरावयाचे तरी कोठे?

यात नुकसान केवळ वेळेचे होत नाही. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळले की पहिल्याचा काही अंश मनात रेंगाळत राहतो, असे सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली दाखविले. गणित सोडविणारा मुलगा एक मिनिट संदेश पाहतो, तेव्हा ते एक मिनिट तर जातेच. शिवाय गणिताचा सुटलेला धागा पुन्हा हाती येण्यास आणखी वेळ लागतो. ग्लोरिया मार्क या संशोधिका संगणकावर काम करणाऱ्यांचे निरीक्षण करीत आल्या आहेत. २००४ साली मनुष्य एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटे टिके. अलीकडच्या काळात हे प्रमाण सुमारे ४७ सेकंदांवर आले, असे त्यांस आढळले. याचा अर्थ माणसाची बुद्धीच उणावली, असा मात्र कोणी करू नये. हे माप पडद्यासमोरील सवयीचे आहे, आणि सवय जशी लागते तशी ती बदलताही येते.

मोबाईल टाकून द्यावा, असेही म्हणावयाचे नाही. परदेशी गेलेल्या लेकीचे मुख त्यातच दिसते, आणि २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा अनेक मुलांचे शिक्षण त्याच्याच आधारे चालले. प्रश्न एवढाच की, तो आपल्या हाती आहे की आपण त्याच्या हाती?

मन चंचल आहे ही तक्रार जुनीच. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन तीच करतो आणि भगवंत त्यास अभ्यास व वैराग्य असे दोन उपाय सांगतात. आजच्या व्यवहारात वैराग्य म्हणजे मोह नजरेआड ठेवणे. अभ्यासास किंवा कामास बसताना मोबाईल दुसऱ्या खोलीत असावा. दूरध्वनीची घंटा तेवढी चालू ठेवून बाकी सर्व सूचना बंद कराव्यात. संदेश पाहण्याच्या दोन-तीन वेळा ठरवाव्यात. निजण्याच्या खोलीत मोबाईल नेऊ नये; पहाटे उठण्यास साधे गजराचे घड्याळ पुरते. अभ्यास म्हणजे थोड्यापासून आरंभ. प्रथम वीस मिनिटे एकच काम, पुढे अर्धा तास, मग एक तास. मध्ये मन भरकटेल. ते न रागावता परत आणावे. हे परत आणणे हाच खरा व्यायाम होय.

परंतु एकट्याचा निश्चय फार काळ टिकत नाही. घरात चौघे पडद्याकडे पाहत असता पाचव्याने पुस्तक धरावे, हे कठीणच. येथे समाजाचे काम सुरू होते. आपल्या बडोद्याचाच दाखला घ्यावा. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण शिकलेली अक्षरे वाचनावाचून विसरली जातात, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून १९१० साली अमेरिकेतील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांस पाचारण करून त्यांनी ग्रंथालयांचे जाळे उभारले. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. वाचा, असा नुसता उपदेश न करता महाराजांनी वाचनाची सोय केली.

अशीच सोय अलीकडे सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाने केली. साथीच्या काळात मुलांच्या हाती आलेला मोबाईल शाळा उघडल्यावरही सुटेना. तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने एकत्र बसून ठराव केला. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजे आणि घरोघरी दूरदर्शन संच व मोबाईल बंद होत. साडेआठला पुन्हा भोंगा होई. या दीड तासात मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचन किंवा आपसांत बोलणे करावे. आरंभी अनेकांस शंका वाटली. पण निवृत्त शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि ग्रामपंचायतीचे कर्मचारी यांनी घरोघर जाऊन समजूत घातली. सर्वांनीच बंद केल्यावर कोणास काही चुकल्यासारखे वाटत नाही, हे या योजनेचे मर्म.

आपली संस्था भोंगा वाजवू शकणार नाही. पण तिला करता येण्याजोगे पुष्कळ आहे. सभागृहाची एक खोली रोज सायंकाळी दीड तास अभ्यासासाठी उघडी ठेवावी आणि दाराशी मोबाईल ठेवण्यास खणांचे कपाट असावे. ज्येष्ठांनी तेथे आळीपाळीने बसावे. मुले आज्ञेपेक्षा उदाहरणाने लवकर शिकतात. व्याख्यान व कीर्तनाच्या वेळी तोच नियम मोठ्यांनीही पाळावा. संस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर कामाचे निवेदन दिवसातून एकदाच जावे, आणि सुप्रभातीची फुले पाठविणाऱ्या बंधुभगिनींनीही थोडा संयम ठेवावा!

द्रव्यदान आपल्या सभासदांनी आजवर मुक्तहस्ताने केले आहे. या महोत्सवी वर्षी प्रत्येक कुटुंबाने रोज एक तास परस्परांस अवधानाचे दान द्यावे. त्यास पावती लागत नाही, आणि त्याचा लाभ प्रथम देणाऱ्याच्याच घरी होतो.