मॉडेल म्हणजे डेटाबेस नव्हे

वापरकर्त्याला दिसणारा पडदा आणि त्यामागचे कामकाजाचे नियम वेगळे ठेवणारी ‘मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर’, म्हणजेच एमव्हीसी, ही रचना वेबसाइटींसाठी जन्मली, असा समज सर्रास आढळतो. वस्तुतः नॉर्वेचे ट्रिग्वे रेन्सकाउग यांनी ती १९७९ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात, स्मॉलटॉक या संगणकभाषेच्या परिसरात मांडली, आणि तेव्हा वेब अस्तित्वातच नव्हते.

मॉडेल म्हणजे डेटाबेसमधील तक्ते, हा गैरसमज याहून घातक आहे. उदाहरणार्थ, बीड जिल्ह्यात २०२०च्या खरिपात राबवलेल्या पीकविम्याच्या ‘बीड पॅटर्न’नुसार जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंतची भरपाई विमा कंपनीने आणि त्यावरची राज्य शासनाने द्यायची, तर भरपाई ८० टक्क्यांहून कमी झाल्यास कंपनीने हप्त्याच्या २० टक्के रक्कम स्वतःकडे ठेवून उरलेली शासनाला परत करायची, असे ठरले. हप्ता १०० कोटी आणि भरपाई ६० कोटी असेल, तर २० कोटी शासनाकडे परत जातात. हा कुठल्या तक्त्यात साठवलेला आकडा नसून नियम आहे, आणि असा हिशेब करणारी प्रणाली एमव्हीसीनुसार रचायची झाल्यास त्याची जागा मॉडेलमध्येच असते. तोच नियम पडद्यावरील बटणामागे लिहिला, तर जिल्ह्याचा अहवाल, मंत्रालयाचा तक्ता आणि मोबाइल अॅप यांसाठी तो तीनदा लिहावा लागतो, आणि टक्केवारी बदलल्यावर त्यांपैकी एखादी जागा हमखास राहून जाते.

पडदा आणि मॉडेल यांचा परस्परांशी संबंधच नसावा, असेही काही जण मानतात. मूळ रचनेत व्ह्यू, म्हणजे माहिती दाखवणारा भाग, मॉडेलला ओळखतो. मॉडेल मात्र कोणत्याही विशिष्ट व्ह्यूला ओळखत नाही, ते ‘बदल झाला’ एवढेच जाहीर करते आणि नोंद करून ठेवलेले व्ह्यू आपापले चित्र नव्याने काढतात. अवलंबित्वाची ही एकेरी दिशा सांभाळली, तरच नियम पडद्याविना तपासता येतो. केवळ फायली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून ते साधत नाही.

कंट्रोलरचे मूळ काम कळफलक आणि माउस यांवरून आलेली कृती स्वीकारण्याचे होते, वेबवर तो आलेली मागणी स्वीकारतो. सगळे नियम त्याच्यातच कोंबण्याची प्रथा आळसातून आली, रचनेतून नव्हे.

‘मॉडेल-व्ह्यू-व्ह्यूमॉडेल’, म्हणजेच एमव्हीव्हीएम, ही रचना नवी म्हणून श्रेष्ठ, हेही खरे नाही. २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या जॉन गॉसमन यांनी मांडलेली ही रचना ‘डेटा बाइंडिंग’वर, म्हणजे पडद्यावरील रकाना आणि त्यामागची किंमत आपोआप जुळती ठेवण्याच्या सोयीवर, उभी आहे. ज्या साधनात ती सोयच नाही, तिथे ही रचना पाळताना जुळणीचे सारे काम प्रोग्रॅमरलाच हाताने लिहावे लागते.