उडी चुकते कोणाची?

खेळ तोच, नायक तोच, खड्डेही तेच. मग पूर्वी सहज पार होणारा खड्डा आता का पार होत नाही? २०१७ साली जगातील अनेक व्हिडिओ गेम खेळाडूंना हा प्रश्न पडला. वरवर पाहता हा करमणुकीतला प्रश्न आहे. पण त्याचे उत्तर शोधू लागलो, की शाळेच्या पुस्तकातील गतीची समीकरणे कामाला येतात. शिवाय ‘मला असे वाटते’ या वाक्याचे शास्त्रीय मोल किती, हेही त्यातून कळते.

प्रथम खेळाची ओळख करून घेऊ. ‘क्रॅश बँडिकूट’ हा खेळ अमेरिकेतील नॉटी डॉग या कंपनीने १९९६ साली सोनीच्या प्लेस्टेशन यंत्रासाठी तयार केला. नारिंगी रंगाचा, मोठ्या डोळ्यांचा, बावळट हसणारा क्रॅश हा त्याचा नायक. धावायचे, खोकी फोडायची, खड्ड्यांवरून उड्या मारायच्या, असा हा खेळ. १९९७ व १९९८ साली त्याचे आणखी दोन भाग आले.

बँडिकूट हे नाव आपल्याला परके वाटू नये. शेताच्या बांधात बिळे करणारी आपली घूस, तिलाच इंग्रजीत बँडिकूट म्हणतात. मूळ शब्द तेलुगू भाषेतला, ‘पंदिकोक्कु’, म्हणजे डुकरासारखा उंदीर. ऑस्ट्रेलियात गेलेल्या युरोपियनांना तशाच लांब तोंडाचा एक प्राणी दिसला आणि त्यांनी त्यालाही तेच नाव दिले. तो प्राणी मात्र उंदराच्या कुळातला नव्हे. कांगारूप्रमाणे तो पिलांना पोटावरच्या पिशवीत वाढवतो. आपला क्रॅश हा या ऑस्ट्रेलियन प्राण्यावर बेतलेला आहे.

जुन्या खड्ड्यांवर नवी उडी

जून २०१७ मध्ये हे तिन्ही भाग नव्या रूपात एकत्र प्रसिद्ध झाले. हे काम व्हिकेरियस व्हिजन्स या कंपनीने केले आणि ॲक्टिव्हिजनने ते प्रकाशित केले. चित्रे रेखीव झाली, केसन् केस दिसू लागला. पुष्कळ खेळाडूंना हे रूप फार आवडले. लहानपण परत मिळाल्यासारखे वाटले, असे अनेकांचे म्हणणे होते. परंतु त्याच वेळी एक तक्रारही जोराने पुढे आली: ‘पहिल्या भागात क्रॅशची उडी बदलली आहे. दोरीच्या पुलावरची जी फळी पूर्वी सहज गाठता येत असे, तिच्यावरून तो आता घसरतो.’

यावर दुसऱ्या बाजूचे उत्तर ठरलेले होते: ‘उडी बदललेली नाही, तुम्ही बदललात. वीस वर्षांत बोटे मंदावली.’ हेही अशक्य नाही. आपली आठवण ही काही फूटपट्टी नव्हे. कोण बरोबर, हे वादाने ठरणार नाही. ते मोजूनच ठरवले पाहिजे.

कित्येक खेळाडूंनी नेमके तेच केले. जुन्या व नव्या खेळाची चित्रणे शेजारी शेजारी ठेवून त्यांनी ती एकेक चित्र पुढे सरकवत पाहिली. त्यांत त्यांना दोन गोष्टी आढळल्या. एक म्हणजे नव्या खेळात क्रॅश खाली येताना अधिक वेगाने येतो. दुसरी म्हणजे कडेवर अर्धवट टेकलेला क्रॅश तेथे टिकत नाही, खाली सरकतो.

पहिल्या गोष्टीचा परिणाम हिशेबाने पाहू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. उडीची उंची २ ठोकळे आहे आणि वर जायला ०.४ सेकंद व खाली यायला ०.४ सेकंद लागतात असे धरा. क्रॅश पुढे सरकतो दर सेकंदाला ५ ठोकळे. एकूण काल ०.८ सेकंद, म्हणून अंतर ४ ठोकळे. आता उंची तीच ठेवा, पण खाली येण्याचा काल ०.३ सेकंद करा. एकूण काल ०.७ सेकंद झाला, अंतर साडेतीन ठोकळे. खड्डा पावणेचार ठोकळ्यांचा असेल, तर जुना क्रॅश पलीकडे पोचेल आणि नवा खड्ड्यात पडेल. फरक फक्त सेकंदाच्या दहाव्या भागाचा आहे!

येथे विचक्षण विद्यार्थी विचारील, ‘खाली येताना गुरुत्व त्वरण वेगळे कसे असेल?’ निसर्गात ते वेगळे नसतेच. वर फेकलेल्या दगडाला चढताना व उतरताना तेच त्वरण असते. म्हणूनच (हवेचा विरोध सोडल्यास) त्याचा मार्ग समतोल अन्वस्त असतो. खेळातील जगात मात्र गुरुत्व हा कार्यक्रम लिहिणाऱ्याने भरलेला एक आकडा असतो. चढताना एक व उतरताना दुसरा आकडा भरायला त्याला कोणी अडवत नाही. काल व उंची मोजली, तर तो आकडा आपल्यालाही काढता येतो. उंचीची दुप्पट करून तिला कालाच्या वर्गाने भागायचे. वरील उदाहरणात चढतानाचे त्वरण २५ येते आणि नव्या क्रॅशचे उतरतानाचे सुमारे ४४.

दुसरी गोष्ट कडेवरून घसरण्याची. संगणकाला क्रॅशचे कान, नाक, बूट यांच्याशी काही कर्तव्य नसते. तो जमिनीला टेकला की नाही हे ठरवण्यासाठी त्याच्याभोवती एक अदृश्य साधा आकार कल्पिलेला असतो. हा आकार पेटीसारखा सपाट बुडाचा असेल, तर पेटीचा एक कोपरा फळीवर आला तरी ‘टेकला’ असे धरता येते. नव्या खेळातील आकार औषधाच्या कॅप्सूलसारखा, गोल बुडाचा आहे, असे खेळाडूंनी दाखवून दिले. टेबलाच्या कडेवर काड्यापेटी थोडी बाहेर काढून ठेवली तर राहते. तेथे गोटी ठेवून पाहा म्हणजे क्रॅशचे काय होत असावे ते कळेल.

थोड्याच दिवसांत प्रकाशकांनी खुलासा केला. तिन्ही भागांत क्रॅशची हालचाल एकसारखी असावी म्हणून ती तिसऱ्या भागावरून घेतली होती. टक्कर ओळखण्याची पद्धतही जुन्या खेळाहून वेगळी होती, आणि त्यामुळे काही उड्यांना पूर्वीपेक्षा अधिक अचूकपणा लागतो, हे त्यांनी मान्य केले. नवा खेळ तयार करताना जुन्या भागांतील जागांचे आराखडे उपलब्ध होते, पण हालचालीचा कार्यक्रम नव्याने लिहावा लागला होता. म्हणजे पहिल्या भागातील खड्डे पहिल्या भागातील उडीसाठी खणलेले होते आणि उडी आली तिसऱ्या भागातली! बोटांची तक्रार खरी ठरली.

आपल्याकडचा हळू मारिओ

असाच एक अनुभव आपल्या मुलखातही शेकडो घरांत घडून गेला आहे. १९९० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील शहरांतून व तालुक्याच्या गावांतून दूरचित्रवाणी संचाला जोडायचे ‘व्हिडिओ गेम’ आले. एका कॅसेटमध्ये ‘९९९९९९९ खेळ’ असल्याची जाहिरात असे, आणि त्यांत हमखास असे तो मिशीवाला मारिओ. ही यंत्रे म्हणजे जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या यंत्राच्या स्वस्त नकला होत्या. मूळ ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ १९८५ सालचा.

जपान व अमेरिकेतील दूरचित्रवाणी पद्धतीत पडद्यावर सेकंदाला सुमारे ६० वेळा चित्र उमटत असे. आपल्याकडील पद्धतीत ५० वेळा. मारिओची प्रत्येक हालचाल ‘एका चित्रामागे एवढी’ अशी मोजलेली. त्यामुळे ५० च्या पद्धतीसाठी बनवलेल्या यंत्रावर सारा खेळच सहाला पाच या प्रमाणात मंद चाले. ४२ चित्रांत पुरी होणारी उडी तिकडे ०.७० सेकंदात संपे, तीच इकडे ०.८४ सेकंद घेई.

पण गंमत अशी, की मारिओ त्यामुळे खड्ड्यात पडत नसे. चढणे, उतरणे व पुढे सरकणे सारेच एका प्रमाणात मंदावले होते. वेग पाच षष्ठांश झाला, तर त्वरण त्याच्या वर्गाइतके, म्हणजे ३६ भागांतील २५ भाग झाले. उडीची उंची वेगाचा वर्ग भागिले त्वरणाची दुप्पट एवढी असते. ती जशीच्या तशी राहिली. अन्वस्ताचा आकार बदलला नाही, फक्त तो काढायला वेळ जास्त लागला. क्रॅशच्या बाबतीत आकारच बदलला. दोन तक्रारी ऐकायला सारख्या, पण रोग निराळे.

१९९३ साली निन्टेंडोने मारिओचे जुने खेळ सजवून ‘सुपर मारिओ ऑल-स्टार्स’ या नावाने पुन्हा दिले. त्यातही जाणकारांनी एक बदल पकडला. जुना मारिओ डोक्याने वीट फोडली की लगेच खाली परते. नवा मारिओ वीट फोडून वरच जात राही. मात्र या आवृत्तीत खेळ अर्धवट जपून ठेवण्याची सोय आली होती. भारनियमनात अर्ध्यावर गेलेला मारिओ वीज आल्यावर पुन्हा पहिल्या पायरीवरून चालवणाऱ्या मराठवाड्यातील मुलांना या सोयीचे मोल निराळे सांगायला नको!

मतांचे करायचे काय?

क्रॅशचा वाद येथेच संपला नाही. मूळ खेळाच्या कर्त्यांपैकी एक, अँडी गॅव्हिन यांनी अनेक वर्षांनंतर आपले मत मांडले. जुन्या खेळात बटण किती वेळ दाबून धरले हे ३० ते ६० सहस्रांश सेकंदांच्या अवधीत ओळखून, क्रॅश हवेत असतानाच उडी लहान-मोठी केली जाई. नव्या खेळाने हे सोडून एकाच ठरावीक, रेंगाळणाऱ्या उडीवर भागवले, असे त्यांचे म्हणणे. आता पाहा, खेळाडू म्हणतात क्रॅश लवकर खाली येतो आणि मूळ कर्ता म्हणतो तो हवेत रेंगाळतो! दोघांपैकी एक चुकलाच पाहिजे, असे मात्र नाही. बटणावर नुसती टिचकी मारली असता उडी लांबत असेल आणि बटण दाबून धरले असता उतरणे जलद होत असेल, तर दोन्ही विधाने खरी असतील. कर्त्याचे मत म्हणून ते आपोआप खरे होत नाही, आणि पोरांचे मत म्हणून ते आपोआप खोटेही ठरत नाही.

आणखी एक शक्यता तपासली पाहिजे. जुन्या काचेच्या नळीच्या संचावर चित्र जवळजवळ तत्क्षणी उमटे. आजचे सपाट पडदे चित्रावर संस्कार करून मग ते दाखवतात. त्यात सेकंदाचे काही शतांश जाऊ शकतात. दोष पडद्याचा आणि आळ क्रॅशवर, असेही होऊ शकते. म्हणून तुलना करताना दोन्ही खेळ एकाच पडद्यावर चालवावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा प्रयोगशाळेतला नियम येथेही लागू आहे.

‘काहीतरी बदलले आहे’ ही बोटांची जाणीव म्हणजे निष्कर्ष नव्हे. पण ती उत्तम गृहीतक असू शकते. नेमके काय व किती बदलले, हे सांगायला काल, उंची व अंतर ही तीन मापे लागतात.

करून पाहा

भिंतीवर जमिनीपासून १.२५ मीटर उंचीवर खूण करा. तेथून चेंडू सोडा आणि मित्राला मोबाइलवर चित्रण करायला सांगा. मोबाइल सेकंदाला ३० चित्रे घेत असेल, तर चेंडू सुटल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत सुमारे १५ चित्रे भरतील, म्हणजे अर्धा सेकंद. उंचीची दुप्पट भागिले कालाचा वर्ग केला, की २.५ भागिले ०.२५, म्हणजे १० हे उत्तर मिळते. पृथ्वीचे त्वरण ९.८ आहे, तुमचे माप त्याच्या किती जवळ आले ते पाहा.

आता पाथरीत काय किंवा पुण्यात काय, ज्याच्या घरी उड्यांचा एखादा खेळ असेल त्याने नायकाच्या उडीचे असेच चित्रण करावे. चढायला किती चित्रे लागली व उतरायला किती, हे वेगवेगळे मोजावे. नायकाची स्वतःची उंची हे एकक धरावे. बटणावर टिचकी मारून दहा उड्या व बटण दाबून धरून दहा उड्या घ्याव्यात आणि सरासरी काढावी. खेळाच्या जुन्या-नव्या दोन आवृत्त्या मिळाल्या तर फारच उत्तम. मात्र खेळणाऱ्याला कोणती आवृत्ती चालू आहे हे आधी सांगू नये. पडद्यावरील चित्रांवरून ते ओळखता येत असेल, तर मोजणी करणारा तरी दुसराच असावा. आधी मत लिहून घ्यावे, मग मोजावे. दोन्ही रकाने शेजारी शेजारी ठेवले, की कोणाची बोटे खरे बोलतात ते वर्गातल्या सर्वांना दिसेल.