न उघडणारी फाईल आणि आतला करारनामा

मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा आणि त्यावर साक्षीदार घ्या, अशी ताकीद कुरआन शरीफमध्ये सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. आपल्या व्यापारी बांधवांना हे वेगळे सांगायला नको. मात्र हे लिखाण आता वहीत कमी आणि संगणकात जास्त होते. भिवंडी असो की मालेगाव, सूत देणारा व्यापारी आणि माग चालवणारा कारखानदार यांच्यातला मजुरीचा करार मुनीम वर्डमध्ये टाईप करतो, पेनड्राईव्हवर किंवा व्हॉट्सअॅपवर देतो आणि माग सुरू होतात. पुढे दरावरून बोलाचाली झाली, फाईल शोधली, तर पडद्यावर पाटी येते की फाईल खराब आहे, उघडता येत नाही.

हा नुसता कागदाचा प्रश्न नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ च्या कलम १५ प्रमाणे लेखी करार असेल तर नोंदणीकृत लहान कारखानदाराचे पैसे ठरल्या तारखेला, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर ही मुदत १५ दिवसांवर येते. म्हणजे फाईल गेली की दराचा पुरावा गेला आणि मुदतीचाही.

तरी घाबरून जाऊ नये. न उघडणारी फाईल बहुतेक वेळा रिकामी नसते. वर्ड २००७ पासून फाईलच्या नावाशेवटी डी-ओ-सी-एक्स ही अक्षरे येऊ लागली. ही फाईल म्हणजे खरे तर झिप पद्धतीने बांधलेली एक गाठ आहे. ही पद्धत फिल कॅट्झ या अमेरिकन गृहस्थाने १९८९ मध्ये आणली. त्याच्या नावाची आद्याक्षरे पी-के आजही अशा फाईलच्या अगदी सुरुवातीला असतात. नोटपॅडमध्ये उघडून पाहिल्यास दिसतात. गाठीत मजकूर एका ठिकाणी, चित्रे दुसरीकडे, अक्षरांची सजावट तिसरीकडे. कापडाच्या गाठीची पट्टी तुटली म्हणून आतले ताके फाटत नाहीत, तसाच हा प्रकार.

पहिले काम म्हणजे फाईलची नक्कल करावी आणि सगळे प्रयोग नकलेवरच करावेत. मग फाईलचा आकार पाहावा. शून्य दिसत असेल तर त्या फाईलमध्ये काहीच नाही. पेनड्राईव्ह घाईने ओढून काढल्यावर असे होते. नावाची सुरुवात ~$ अशी असेल तर तो करारनामा नव्हेच. फाईल उघडी असताना वर्ड स्वतःसाठी ठेवतो ती ती खूणचिठ्ठी आहे. अनेक जण तिच्यावरच टिचक्या मारत बसतात.

ईमेलने आलेली फाईल असेल तर तिच्यावर उजवी टिचकी देऊन प्रॉपर्टीजमध्ये जावे. तिथे अनब्लॉकची चौकट असल्यास खूण करावी. कधी कधी एवढ्यानेच भागते. नाही भागले तर वर्डमध्ये फाईल, ओपन, ब्राउझ असे जाऊन फाईल निवडावी, आणि ओपन बटणाशेजारच्या लहान बाणावर दाबून ओपन अँड रिपेअर निवडावे. ही सोय वर्डमध्येच आहे, पण तो लहान बाण कुणाच्या नजरेस पडत नाही. तिसरा इलाज लिबर ऑफिस. हे मोफत मिळते आणि वर्डने नाकारलेली फाईल पुष्कळदा उघडून देते.

तरीही नाही जमले तर गाठ सोडावी. नकलेच्या नावातले शेवटचे डी-ओ-सी-एक्स काढून झेड-आय-पी लिहावे. शेवटची अक्षरे दिसत नसतील तर विंडोजच्या व्ह्यू मेन्यूत फाईल नेम एक्स्टेन्शन्सवर खूण करावी. आत वर्ड नावाचे फोल्डर आणि त्यात डॉक्युमेंट नावाची फाईल असते. ती बाहेर काढून नोटपॅडमध्ये उघडली की खुणांच्या जंजाळात मजकूर सापडतो. दिसायला तो गबाळा असतो, पण दर आणि तारीख वाचता आली की निम्मी लढाई जिंकली. झिपच उघडत नसेल तर विनरारमध्ये रिपेअरची सोय आहे. हाती आलेला मजकूर छापून दोन्ही बाजूंच्या सह्या लगेच घ्याव्यात. जुन्या, नुसत्या डी-ओ-सी फाईलला हा इलाज लागू नाही. तिच्यासाठी ओपनच्या खिडकीत फाईलच्या प्रकारांच्या यादीतून रिकव्हर टेक्स्ट फ्रॉम एनी फाईल निवडावे. सजावट जाईल, शब्द येतील.

उर्दूत काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. इनपेजमध्ये लिहिलेली फाईल वर्डची नसते. तिचे नाव बदलून ती वर्डमध्ये उघडत नाही. ती खराब समजून टाकून देऊ नये. जिथे इनपेज आहे तिथेच उघडावी आणि आवृत्ती नवी असल्यास मजकूर युनिकोडमध्ये काढून घ्यावा.

इंटरनेटवर फुकट दुरुस्ती करून देतो म्हणणारी ठिकाणे बरीच आहेत. माझे मत विचाराल तर तिकडे करारनामा चढवू नये. पार्टीचे नाव, पॅन नंबर, मजुरीचा दर, सगळे अनोळखी माणसाच्या हाती जाते. दर बाहेर फुटला तर बाजारात त्याची किंमत कोण भरून देणार?

आणि आकार शून्य असलेल्या फाईलचे काय? तिला इलाज नाही. पण ती कुणाला तरी पाठवली असेलच. ईमेलचा सेंट कप्पा पाहावा, दलालाच्या आणि समोरच्या पार्टीच्या फोनवर विचारावे. टाईप करताना वीज गेली होती, अशी हकीगत असेल तर वर्डमध्ये फाईल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट इथे रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स दाबून पाहावे. वर्ड साधारण दर १० मिनिटांनी आपल्यापुरती एक प्रत ठेवत असतो. ती तिथे सापडू शकते.