औषध आणि मालमोटारीचा चालक

रुआबांधा ही भिलाई या पोलादनगरीतील एक वस्ती. येथील कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. भिलाईचे पोलाद घेऊन निघालेल्या मालमोटारी राजनांदगाव, भंडारा या मार्गाने नागपूरकडे येतात. अशा मोटारीच्या चालकाने निघताना सर्दीसाठी क्लोरफेनिरामाइनची गोळी घेतली, तर काय घडते?

हिस्टामिन हे द्रव्य मेंदूला जागे ठेवण्यास साहाय्य करते. ही गोळी मेंदूत शिरून त्याचे कार्य अडविते. त्यामुळे गुंगी येते; डोळे उघडे असले तरी ब्रेक दाबण्यास विलंब होतो. लादलेल्या मोटारीच्या बाबतीत हा क्षणाचा विलंबही प्राणघातक ठरू शकतो.

१९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८५ ने मद्याची मर्यादा आखून दिली आहे : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. औषधांसाठी असा आकडा नाही. अंमली द्रव्यामुळे चालकाचा वाहनावरील ताबा सुटला आहे काय, एवढेच पाहिले जाते. डायझेपाम आणि कोडीन ही औषधे अंमली पदार्थविषयक १९८५ च्या अधिनियमात येतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेतली म्हणून कलम १८५ त्यांना अपवाद करीत नाही.

श्वासपरीक्षेचे यंत्र केवळ मद्य ओळखते. सर्दीची गोळी त्याला दिसत नाही. तेव्हा खरी तपासणी दवाखान्यातच व्हावयास हवी. चालकाने आपला व्यवसाय डॉक्टरांना आधी सांगावा. फेक्सोफेनाडीनसारखी, सहसा गुंगी न आणणारी औषधे आज उपलब्ध आहेत. परंतु ती विचारल्याशिवाय मिळतीलच असे नाही.