असीमा चटर्जी यांचे संशोधन आणि त्याचे मोजमाप

सातवीण, कुटकी, किराईत, सागरगोटा ही नावे आजीबाईच्या बटव्यात पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहेत. या वनस्पतींचा गुण त्यांतील नेमक्या कोणत्या द्रव्यामुळे येतो, या प्रश्नाच्या शोधात कोलकात्याच्या सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ असीमा चटर्जी (१९१७–२००६) यांनी आपले आयुष्य वेचले. १९४४ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने त्यांना डी.एस्‌सी. पदवी दिली. भारतीय विद्यापीठाकडून हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय होता वनस्पतींतील अल्कलॉइडे, म्हणजेच नायट्रोजनयुक्त आणि बहुधा कडू चवीची संयुगे. सर्पगंधेसारख्या वनस्पतीचे मूळ घ्यायचे, त्यातील असंख्य द्रव्यांतून एकच संयुग शुद्ध स्वरूपात वेगळे करायचे आणि मग त्याच्या रेणूतील अणू एकमेकांशी कसे जोडलेले आहेत, ते ठरवायचे. आज हे काम यंत्रांच्या साहाय्याने पुष्कळ लवकर होते. १९५० च्या सुमारास मात्र रेणूचे रासायनिक अभिक्रियांनी तुकडे करून, त्या तुकड्यांवरून मूळ आकृती जुळवावी लागे. फुटलेल्या रांजणाच्या खापऱ्यांवरून रांजण ओळखण्यासारखेच हे काम! त्यातच साधनांची वानवा अशी, की विश्लेषणासाठी नमुने पैसे भरून परदेशी पाठवावे लागत. तशा स्थितीतही सर्पगंधेतील अजमलिसिन व सार्पगिन यांच्या रेणूंची त्रिमितीय रचना उलगडण्यात चटर्जी यांनी मोलाचा वाटा उचलला. १९६१ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

त्यांच्या नावावर सुमारे ४०० शोधनिबंध आहेत. परंतु निबंधांची संख्या म्हणजे प्रभाव नव्हे. म्हणून इतर संशोधकांनी एखाद्या निबंधाचा आधार किती वेळा घेतला, हेही मोजले जाते. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ हॉर्हे हिर्श यांनी या दोन्हींची सांगड घालणारा ‘एच निर्देशांक’ सुचवला. एखाद्या संशोधकाच्या २० निबंधांचा प्रत्येकी किमान २० वेळा आधार घेतला गेला असेल, पण २१ निबंधांचा प्रत्येकी किमान २१ वेळा घेतला गेला नसेल, तर त्याचा निर्देशांक २० होतो.

हे माप सोयीचे खरे, पण चटर्जी यांच्यासारख्यांच्या कार्याला ते अपुरे पडते. रेणूची रचना एकदा निश्चित झाली की ती सर्वांच्या ज्ञानाचा भाग बनते आणि मूळ निबंधाचा उल्लेख हळूहळू गळून पडतो. काम जितके पक्के, तितके ते लवकर निनावी होते. शिवाय औषधाची गणना निबंधांत होत नाही. चटर्जी यांनी अपस्मारावरील ‘आयुष-५६’ हे औषध सिद्ध केले. प्रारंभी उल्लेखिलेल्या चार वनस्पतींपासून हिवतापावरील औषधही त्यांनी तयार केले.

श्रेय देताना अतिशयोक्तीही होते. सदाफुलीपासून मिळणाऱ्या कर्करोगावरील औषधांचा शोध काही ठिकाणी चटर्जी यांच्या नावे सांगितला जातो. वास्तविक व्हिनब्लास्टीन हे त्यांतील औषध १९५८ च्या सुमारास कॅनडातील संशोधकांनी वेगळे केले. चटर्जी यांनी या वर्गातील अल्कलॉइडांच्या रसायनशास्त्रावर काम केले. तेही थोडे नाही, त्याला उसन्या श्रेयाची जोड कशाला?

१९६२ पासून १९८२ पर्यंत त्या कलकत्ता विद्यापीठात खैरा प्राध्यापक होत्या. सत्येशचंद्र पाक्राशी यांच्यासह त्यांनी भारतीय औषधी वनस्पतींवरील सहा खंडांचा इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. वनस्पतीचे वर्णन, पारंपरिक उपयोग आणि तिच्यातील रासायनिक घटक ही सारी माहिती त्यात एकत्र सापडते.