हृदयाच्या झडपा : भाविकांसाठी थोडी माहिती

हृदयाची झडप बदललेले काही भाविक श्रावणात उपवासाबरोबर गोळ्याही बंद ठेवतात. त्यात जिवाला धोका असल्याने हा विषय येथे घेत आहोत.

हृदयाचे कप्पे चार व झडपाही चार. वरच्या अलिंदांतून खालच्या निलयांत रक्त उतरते तेथे दोन, आणि निलयांतून मोठ्या धमन्यांत जाते तेथे दोन. झडप उघडण्यास तिला कोणी ओढावे लागत नाही. मागे रक्ताचा दाब वाढला की ती उघडते, पुढे वाढला की मिटते; दर्शनरांगेतील एकाच दिशेने ढकलले जाणारे दार जणू. निलय आकुंचन पावतात तेव्हा वरच्या झडपा उलट्या अलिंदात ढकलल्या जाऊ नयेत, म्हणून त्यांच्या कडांना चिवट दोरे असतात. सिंहस्थात क्षिप्रेकाठी उभ्या राहणाऱ्या तंबूंचे तणावे आठवावेत. डॉक्टर नळीने ऐकतात ते ठोके म्हणजे मुख्यतः झडपा मिटण्याचा आवाज. दिवसाकाठी हे सुमारे एक लाख वेळा घडते.

आपल्या देशात झडपा बिघडण्याचे एक मोठे कारण बालपणीच्या घसादुखीत असते. ५ ते १५ वर्षांच्या मुलांना स्ट्रेप्टोकोकस जिवाणूमुळे घशाचा संसर्ग होतो. तो उपचाराविना राहिल्यास काहींना संधिवाताचा ताप येतो व शरीराची संरक्षक शक्ती स्वतःच्याच झडपांवर उलटते. झडपा जाड होतात, कडा चिकटतात. मग काही वर्षांनी मंदिराच्या चार पायऱ्या चढतानाही धाप लागते. म्हणून डॉक्टरांनी दिलेले प्रतिजैविक घसा बरा वाटला तरी पूर्ण घ्यावे.

फारच बिघडलेली झडप बदलावी लागते. परदेशी झडपा महाग पडत; त्यामुळे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाळ संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली देशी झडप तयार झाली व डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रुग्णास बसविली गेली. धातूच्या कड्यात कलणारी प्लास्टिकची चकती, एवढीच तिची रचना! प्राण्यांच्या ऊतींपासून केलेल्या झडपाही असतात. ज्यांना त्या मनास पटत नाहीत त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांशी बोलावे.

यांत्रिक झडपेवर रक्ताची गुठळी धरू शकते, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. ती पाण्याबरोबर घेतल्याने उपवास मोडत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. उपवासात पालेभाज्या एकदम बंद झाल्या तरी गोळीचा परिणाम बदलतो. तेव्हा श्रावणापूर्वी डॉक्टरांना विचारून आयएनआर तपासणी करून घ्यावी. दात काढावयाचा असल्यास दंतवैद्यास झडपेविषयी आधी सांगावे.